बंदूक राज्याची, माती गावाची

४ ऑक्टोबर, शनिवार

नगराध्यक्षानं रोजनिशी ठेवावी असं माझं मत आहे. माझ्या आधीच्या साहेबांनी चौदा वर्षं टॅनर्स फोर्ड हे आमचं गाव चालवलं आणि मागे ठेवलं काय, तर कपाटात एक मोडकी छत्री आणि शेंगदाण्याच्या लोण्याची अर्धी बाटली. उद्या कुणी विचारलं, व्हर्ना ड्रेशरनं गावासाठी काय केलं, तर निदान ही वही दाखवता येईल.

तशी मी घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे केस कापते आणि उरलेल्या वेळात गाव चालवते. खरं तर गावाचा निम्मा कारभार केस कापतानाच उरकतो.

पुढच्या शनिवारी शरदाची जत्रा. चौकात लोकांना बसायला पेंढ्याचे गठ्ठे हवेत. नगरसेवक म्हणाले, विकत आणू. म्हटलं, घरचे असताना विकत कशाला? टेकडीवरच्या आमच्या वावराच्या टोकाला नवऱ्यानं, इर्वनं, रचून ठेवलेतच, एकामागे एक चार रांगा. हरणाच्या शिकारीच्या हंगामाआधी तो पुढच्या रांगेवर कागदी ताटली टाचतो आणि मागच्या दाराच्या पायरीवर बसून रायफलचा नेम बसवतो. त्याच्या बापापासूनची पद्धत आहे.

इर्व बहिणीकडे धुराडं दुरुस्त करायला गेलाय. नगरपालिकेच्या ड्रायव्हरला, ड्यूईला, ट्रक घेऊन बोलावलं आणि मागच्या तीन रांगा उचलल्या. पुढची रांग तशीच ठेवली, म्हणजे पायरीवरून बघणाऱ्याला फरक कळायचा नाही आणि नवऱ्याची कुरकुर ऐकावी लागायची नाही. विचारलं असतं तर 'नको' म्हणाला असता, म्हणून विचारलंच नाही. सदतीस वर्षांच्या संसारात एवढं तरी शिकलेच आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

जत्रा झकास झाली. सफरचंदाचा रस दुपारीच संपला. सगळे म्हणाले, चौक इतका शोभिवंत कधीच दिसला नव्हता. म्हणून ठरवलं, गठ्ठे आणि भोपळे नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण होईपर्यंत तिथेच राहू देत.

१६ नोव्हेंबर, रविवार

चर्चमधून आल्यापासून सगळ्या टेकडीवर ठो ठो चाललंय. हंगाम तोंडावर आला की पुरुषांना दुसरं काही सुचत नाही. इर्व एखाद्या पोरासारखा खुशीत आत आला, ताटली नाचवत. "बघ अध्यक्षीणबाई, तीन गोळ्या, एका बशीएवढ्या जागेत!"

"छान. आता बूट काढ, मी फरशी पुसलीय."

जेवायला डुकराचं मांस आणि आंबवलेली कोबी. त्यानं दोनदा वाढून घेतली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज सगळं लिहिणार.

सकाळी एका बाईंच्या डोक्याला रंग लावत होते, तेवढ्यात बालवाडीच्या कोवालिक बाईंचा फोन. "मिसेस ड्रेशर, बागेत या. आत्ता." ही बाई पोरांनी पायावर उलटी केली तरी आवाज चढवत नाही. तशीच रंगाच्या हातांनी टेकडी उतरून धावले.

मुलांच्या पिवळ्या घसरगुंडीला एक भोक होतं. वरच्या पायरीपाशी, मूल खाली बसायच्या आधी क्षणभर उभं राहतं ना, बरोब्बर तिथे. कोवालिक बाईंनी त्यात करंगळी घातली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मागे लाकडी खांबात गोळी रुतलेली.

राज्याचा पोलीस आला, चाकूनं गोळी काढून पिशवीत घातली. म्हणाला, "हरणाच्या रायफलची आहे. जिल्ह्यात निम्म्या घरांत हीच असते. नेम बसवताना सुटलेली दिसते. काल रविवार होता म्हणून मुलं नव्हती, नशीब म्हणा."

नशीब म्हणा! मी ही बाग नशिबावर बांधलेली नाही. तिच्यासाठी मी घरोघर हिंडून केक विकलेत.

कोवालिक बाईंनी झोपाळे वर गुंडाळून आडव्या दांड्याला दोरीनं बांधून टाकले. "आता असं होणार नाही हे मला कुणी तरी सांगेपर्यंत मुलं इथे येणार नाहीत," त्या म्हणाल्या.

"मी सांगेन," मी म्हटलं. "नाताळच्या आत सांगेन." आणि व्हर्ना ड्रेशर बोलली की करते.

रात्रीच्या जेवणाला इर्वला सगळं सांगितलं, भोक कुठे, केवढं, करंगळी कशी गेली. त्यानं काटा खाली ठेवला. ताटातलं तसंच टाकून टॉर्च घेतला आणि वावरात गेला. कोंबड्यांच्या मागे रॅकून लागला असणार. बऱ्याच वेळानं आला. म्हटलं, सापडला का? म्हणाला, "हो. सापडला."

१९ नोव्हेंबर, बुधवार

सलूनमध्ये दुसरा विषय नाही. सगळ्यांचं एकमत: शहरातले शिकारी. भाड्यानं झोपड्या घेतात, बिअर ढोसतात आणि रस्त्यावरच्या पाटीलाही हरीण समजून उडवतात. आपल्या माणसाकडून असलं होणं शक्यच नाही.

नियम मी स्वतःच्या हातानं लिहिला. साधा, सरळ: गावाच्या हद्दीत, बागेच्या दिशेनं किंवा बाग दिसेल अशा जागेवरून, बंदूक चालवायची नाही. स्प्राग वकिलांना दाखवला. गेली वीस वर्षं ते नगरपालिकेचं काम बघताहेत आणि वीस वर्षांत एकदाही 'हो' म्हणालेले नाहीत.

"व्हर्ना, हे करता येणार नाही."

"का? व्याकरण चुकलंय?"

"व्याकरण छान आहे. राज्याचा कायदा आहे. बंदुकांबाबत गावानं, शहरानं, जिल्ह्यानं कुठल्याही प्रकारे नियम करायचा नाही. तो अधिकार फक्त राज्याचा."

"म्हणजे कुत्र्याच्या पट्ट्यावर मी नियम करू शकते. कुंपणाच्या उंचीवर करू शकते. अंगणात गवत किती वाढवायचं, त्यावरही करू शकते. आणि पोराच्या डोक्याजवळून गोळी गेली तर गप्प बसायचं?"

"गप्प बस असं कुठे म्हटलंय? नियम करू नकोस, एवढंच म्हणतोय. केलास तर कुणीही गावावर दावा लावेल आणि तुम्हा प्रत्येकाच्या नावानंही लावेल."

म्हटलं, लावू देत. माझं नाव नीट लिहा म्हणावं, ड्रेशरच्या स्पेलिंगमध्ये टी नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सभेला बसायला खुर्ची नव्हती, एवढी गर्दी.

अपेक्षेप्रमाणे लेस्टर हाउक आडवा आला. तो नगरसेवक आहे, पुलापाशी त्याचं गळ आणि बंदुकांचं दुकान आहे, आणि तिसरीत माझी वेणी त्यानं खुर्चीला बांधली होती. तेव्हापासून आमचं एकदाही पटलेलं नाही.

"अगं व्हर्ना, मला ती घसरगुंडी बघून झोप लागली नाही. माझी नात जाते तिथे," तो म्हणाला. "पण प्रत्येक गावानं आपापला नियम काढला तर? माझा माणूस घरून निघून शिकारीच्या रानात पोचेपर्यंत सहा गावं ओलांडतो. एका गावात भला माणूस, पुढच्यात गुन्हेगार. त्यानं करायचं काय, दर पुलावर उतरून पाटी वाचायची?"

"गोळी कुठे पाटी वाचते, लेस्टर? ती कुठल्या गावाची हद्द ओळखत नाही."

"मग म्हणूनच कायदा सगळ्या राज्याचा एक हवा!"

लोक हसले. जरा बोचलं, खोटं कशाला बोलू. पण मग कोवालिक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "राज्यानं कायदा स्वतःकडे ठेवलाय, तर राज्यानं माझ्या मुलांपुढे येऊन उभं राहावं." त्यावर कुणी हसलं नाही.

पहिलं मतदान झालं. तीन विरुद्ध दोन, नियम मंजूर! पक्कं मतदान आठ डिसेंबरला.

इर्व शेवटच्या रांगेत बसला होता. घरी येताना गाडीत अक्षर बोलला नाही. म्हटलं, बायको जिंकली, निदान शिट्टी तरी वाजव. म्हणाला, "छान बोललीस." असा आवाज, जसा कुणी मयताला बोलतो.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

टर्की थोडी कोरडी झाली, पण भोपळ्याचा केक उत्तम. भिंतीवर इर्वची रायफल दिसली नाही. म्हणाला, लेस्टरकडे ठेवलीय. ऐन हंगामाच्या आधी? बिघडली असेल. लेस्टरलाही काम तेवढंच.

१ डिसेंबर, सोमवार

हरणाच्या हंगामाचा पहिला दिवस. शाळेला सुट्टी, अग्निशमन केंद्रात पहाटे बकव्हीटची धिरडी, सगळं गाव नारिंगी टोप्यांत.

आणि इर्व गेला नाही! लग्नाच्या वर्षी अंगात ताप असताना गेला होता हा माणूस. दिवसभर मागच्या अंगणात लाकडं फोडत बसला. दोन हिवाळे पुरतील एवढी फोडली. मला वाटतं गुडघा दुखतोय आणि कबूल करायची लाज वाटतेय. गुडघ्याला मलम चोळून दिलं. त्यानं निमूट चोळून घेतलं, म्हणजे दुखतच असणार.

३ डिसेंबर, बुधवार

राजधानीहून पत्र. राज्याचा शिक्का, घट्ट कागद, आणि मजकूर एकच: नियम मागे घ्या, नाहीतर कोर्टात भेटू.

फोन लावला. पाच जणांनी मला एकमेकांकडे ढकललं. शेवटी एक तरुण साहेब मिळाले.

"तुमचं गाव कुठे येतं, बाई?"

"तुम्ही त्याच्यासाठी कायदा केलाय आणि ते कुठे येतं तेही ठाऊक नाही?"

"बाई, राज्याच्या धोरणात एकसूत्रता..."

"साहेब, घसरगुंडीला भोक पडलंय."

"कशाला?"

"घसरगुंडीला! लहान मुलांच्या!"

मग ते म्हणाले, त्यांना दोन मुलं आहेत आणि त्यांना वाईट वाटतं, पण गावाच्या हातात बंदुका सोडून बाकी सगळं आहे. पोरगा वाईट नव्हता. पण वाईट वाटून भोक बुजत नाही.

माझ्या बाजूच्या तिघांपैकी दोघांचे सकाळपासून फोन येताहेत. घर जाईल का, गाडी जाईल का. म्हटलं, काही जात नाही, पाठीचा कणा तेवढा जायला देऊ नका. स्प्राग वकील म्हणतात, हरणार. म्हटलं, सर्वोच्च न्यायालयात हरू, पण वाजत-गाजत हरू.

एकदाच, भांडी घासताना मनात आलं: नियम टिकला नाही तर मी कोवालिक बाईंना काय सांगणार? झोपाळे अजून वर बांधलेलेच आहेत. जाता-येता दिसतात.

८ डिसेंबर, सोमवार

काय लिहू? जसं झालं तसं लिहिते.

पक्क्या मतदानाची सभा. मी भाषण पाठ केलं होतं. शहरातल्या शिकाऱ्यांवरचा भाग तर फारच जमला होता. "आपल्या टेकडीवरच्या माणसाला आपण ओळखतो," असं म्हटलं, टाळ्या पडल्या, आणि शेवटच्या रांगेतून इर्व उठला.

मला वाटलं, बाहेर चाललाय. तो पुढे आला. टोपी हातात.

"ती गोळी माझी," तो म्हणाला. "सोळा तारखेची. आज दुपारी पोलिसाला फोन करून सांगितलंय. आधीच सांगायला हवं होतं, हिंमत झाली नाही. मागे काय आहे ते न बघता झाडली. माझ्या बापानं बंदूक हातात देण्याआधी शिकवलेली ही पहिली गोष्ट. तुम्हाला नियम करायचा तर करा, माझी तक्रार नाही. पण मला ते बघायला नियम लागायला नको होता."

तो कोवालिक बाईंकडे वळला. "बाई, मी वावराच्या टोकाला मातीचा बांध घालतो. माणसापेक्षा उंच. फावड्यानं घालावा लागला तरी घालतो."

लेस्टर खुर्चीत पुढे सरकला. "फावड्यानं कशाला मरतोस? माझं यंत्र आहे की."

मग स्प्राग वकिलांनी घसा साफ केला आणि गेल्या वीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. "बांध घालता येईल," ते म्हणाले. "माती, उतार, कुंपण हे सगळं गावाकडे आहे. ओढ्यातून उपसलेला गाळही नगरपालिकेचाच पडून आहे. त्यात राज्याला बोलायला जागा नाही. हो."

नियमाला कुणी अनुमोदन दिलं नाही. पडला. मी सभा तहकूब केली, हातोडा आपटला तो माझ्याच बोटावर.

९ डिसेंबर, मंगळवार

मुलीच्या रिकाम्या खोलीत झोपले. म्हणजे पडले.

तीन आठवडे मी गावभर शहरातल्या लोकांना शिव्या घातल्या आणि हा समोर बसून सूप पीत होता! मला घरात सांगता आलं नसतं? नाश्त्याला विचारलंच. "माझी सगळ्यांसमोर शोभा करण्याआधी मला एक शब्द विचारावासा वाटला नाही?"

तो पावाला लोणी लावत म्हणाला, "विचारायची पद्धत आपल्या घरात जरा कमीच आहे, व्हर्ने."

याचा अर्थ काय, ते त्यालाच ठाऊक. पोलीस येऊन जबाब घेऊन गेला. जानेवारीत न्यायाधीशापुढे जायचंय, दंड होईल. होऊ दे.

१३ डिसेंबर, शनिवार

नाताळचं झाड उभं करायला चौक मोकळा करायचा होता. सकाळी ड्यूई ट्रक घेऊन दारात. सत्तरीचा माणूस, पण गिअर अजून विशीतल्यासारखा टाकतो.

"व्हर्ना, गठ्ठे आणलेत. उचलले तिथेच उतरवू ना?"

"मग काय माझ्या डोक्यावर? चल, दाखवते."

वावराच्या टोकाला गेले. पुढची एक रांग तशीच उभी होती, ताटली टाचायचा खिळाही तसाच. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि हात वर केला, इथे तीन रांगा लाव म्हणून सांगायला. हात तसाच वर राहिला. समोर, पानं गळालेल्या झाडांतून, खाली सरळ रेषेत पिवळी घसरगुंडी.

पायरीवरून बघणाऱ्याला फरक कळायचा नाही. माझंच वाक्य. याच वहीत आहे.

ड्यूईनं टोपी काढून डोकं खाजवलं. "इर्व म्हणाला होता, हा विषय तुझ्यापाशी काढायचा नाही."

"कधी म्हणाला?"

"गोळी सापडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

म्हणजे त्या रात्री टॉर्च घेऊन गेला, तेव्हाच त्याला कळलं. तेव्हापासून हा माणूस गप्प. सभेत सगळ्या गावापुढे उभा राहिला, 'मी बघितलं नाही' म्हणाला, आणि गठ्ठ्यांचा ग निघू दिला नाही. आणि मी त्याच्यावर रागावून पाच रात्री दुसऱ्या खोलीत! रडले. ड्यूईसमोर रडले, लिहायला लाज कसली.

इर्व गोठ्यात फावड्याला दांडा बसवत होता. म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"रांगा मोजायचं काम गोळी झाडणाऱ्याचं असतं."

"हलवल्या मी!"

"झाडली मी." मग फावडं भिंतीला टेकवून म्हणाला, "आणि गाव तुझं ऐकतं. माझं काय, मी नुसता नवरा."

आपल्या खोलीत उशी परत नेऊन ठेवली.

२० डिसेंबर, शनिवार

बांध झाला! लेस्टरचं यंत्र, नगरपालिकेचा गाळ, आणि टेकडीवरचे झाडून सगळे पुरुष. मी कॉफी आणि केक पुरवत होते आणि कुठे कमी पडतंय ते सांगत होते. लेस्टर म्हणाला, "राजधानीला कळव, व्हर्ना. बंदूक तुमची, माती आमची."

"कोरड्या पेंढ्यावर इतकी वर्षं भरवसा ठेवला हाच मूर्खपणा," असंही म्हणाला, "चार रांगा असोत की चाळीस." त्याच्या दुकानात पाटी लागलीय: नेम ड्रेशरच्या बांधावर बसवा, कॉफी मिळेल. कॉफी कोण देणार ते कुणी मला विचारलं नाही. बरोबरच आहे, माझ्याच घरची पद्धत.

कोवालिक बाई आल्या, बूट चिखलात रुतवत थेट बांधावर चढल्या आणि वर उभं राहून खाली बागेकडे बघत राहिल्या. मग बागेत जाऊन त्यांनी दोरी सोडली. आम्हाला इथवर झोपाळ्याच्या साखळीचा आवाज आला.

२२ डिसेंबर, सोमवार

वर्षातली शेवटची सभा. सगळे हिशेब उरकल्यावर मी म्हटलं, एक नवीन नियम आहे. लेस्टर कण्हला. स्प्राग वकिलांनी चष्मा पुसायला घेतला.

वाचून दाखवला: "नगरपालिकेच्या कुठल्याही सणासमारंभासाठी कुणाच्याही शेतातले गठ्ठे हलवण्याआधी मालकाला विचारावं."

"हे काय आता?" लेस्टर म्हणाला.

मग मी उभी राहिले आणि सांगितलं. ऑक्टोबरातला शनिवार, तीन रांगा, पुढची एक मुद्दाम ठेवलेली, आणि नवऱ्याला न विचारल्याचा मला झालेला आनंद. काही न गाळता पूर्ण सांगितलं. शेवटी कोवालिक बाईंकडे बघून म्हटलं, "आता असं होणार नाही, बाई." त्यांनी मान हलवली.

मग लेस्टर हाउकनं, ज्यानं साठ वर्षांत माझ्या एकाही गोष्टीला हो म्हटलं नाही, अनुमोदन दिलं. मी स्प्राग वकिलांना विचारलं, यावर राज्य काही म्हणेल का?

"पेंढ्यावर राज्याचा कायदा नाही," ते म्हणाले.

नगरसेवकांचे पाचही हात वर गेले. शेवटच्या रांगेतून इर्वनंही हात वर केला. त्याला मत नाही, हे त्याला चांगलं माहीत आहे.

मी तो मोजला.